कामाच्या ठिकाणचा नैसर्गिक उजेड आणि खिडक्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालये, लहान कारखाने आणि दुकाने चालवणाऱ्यांकडून, तसेच तेथे काम करणाऱ्यांकडून उजेडाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना महाराष्ट्राचे हवामान, आपल्या अक्षांशावरची सूर्याची चाल आणि येथे लागू असलेले नियम गृहीत धरले आहेत. थंड देशांत ‘जितकी काच जास्त तितके चांगले’ हा सल्ला योग्य असेल. आपल्याला मात्र आकाशाचा उजेड हवा असतो आणि ऊन बाहेर ठेवायचे असते, त्यामुळे बहुतेक उत्तरे याच खटपटीभोवती फिरतात.

१. आमच्या कार्यालयात दिवे भरपूर आहेत. मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा एवढा आग्रह कशासाठी?

केवळ वाचण्या-लिहिण्यापुरता विचार केला, तर चांगले दिवे पुरेसे असतात, हे आधी मान्य केले पाहिजे. फरक पडतो तो प्रामुख्याने शरीराच्या घड्याळाच्या बाबतीत. भर दुपारी उघड्या मैदानावर सुमारे एक लाख लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, सावलीत तो दहा हजारांच्या आसपास उतरतो, आणि दिव्यांनी उजळलेल्या नेहमीच्या कार्यालयात ३०० ते ५०० लक्स एवढाच भरतो. डोळा चटकन जुळवून घेत असल्याने ही तफावत आपल्याला जाणवत नाही. मात्र डोळ्याच्या आतील पडद्यात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात, ज्यांचे कार्य २००२ च्या सुमारास उलगडले. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस आहे की रात्र, याची खबर मेंदूला पोहोचवतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मंद उजेडात बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही खबर अस्पष्ट राहते, आणि त्याचा परिणाम रात्रीच्या झोपेवर होऊ शकतो.

दुसरे कारण दृष्टीचे आहे. जवळचे पाहताना डोळ्याचे स्नायू ताणलेले राहतात आणि दूर पाहिल्यावर ते सैल होतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात, परंतु ज्या खोलीत समोरची भिंतच आठ फुटांवर आहे तेथे खिडकीवाचून हे जमणार कसे? खिडकीतून काय दिसते यालाही महत्त्व आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले, असे आढळले होते. हा अभ्यास रुग्णालयातला आणि थोड्या रुग्णांवरचा असल्यामुळे कार्यालयांच्या जाहिरातींत तो ज्या उत्साहाने वापरला जातो, तेवढा भार त्याच्यावर टाकू नये.

२. किती उजेड पुरेसा मानावा आणि तो मोजावा कसा?

भारतीय मानक ३६४६ मध्ये सर्वसाधारण कार्यालयीन कामासाठी ३००, ५०० आणि ७५० लक्स अशा पायऱ्या दिल्या आहेत, आणि त्यांतील ५०० हा नेहमीच्या कामाचा आकडा समजला जातो. हा उजेड मेजाच्या पृष्ठभागावर मोजायचा असतो. छताकडे पाहून किंवा दिव्याखाली उभे राहून नव्हे.

नैसर्गिक उजेडासाठी वेगळे माप वापरतात, कारण बाहेरचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो. बाहेरच्या उघड्या आकाशाखालील उजेडाच्या किती टक्के उजेड आत पोहोचतो, हे त्या मापाने सांगितले जाते. भारतीय मानकांत हिशेबासाठी बाहेरचा उजेड ८,००० लक्स धरला आहे, म्हणून एक टक्का म्हणजे ८० लक्स होतात. सर्वसाधारण कार्यालयासाठी सुचवलेले १.९ टक्के प्रमाण त्यामुळे सुमारे १५० लक्स भरते. हा आकडा वरच्या ५०० पेक्षा बराच कमी दिसतो, परंतु ८,००० लक्स हे मुद्दाम हात राखून धरलेले प्रमाण आहे. वर्षातील बहुतेक कार्यालयीन तासांत बाहेर त्याहून बराच अधिक उजेड असतो आणि उरलेली तूट दिव्यांनी भरून काढणे अपेक्षित असते.

मोबाइलवरील ॲपचे आकडे एका फोनवर एक आणि दुसऱ्यावर भलतेच येतात. एकाच फोनने दोन मेजांची तुलना करण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. कोणाकडे तक्रार नोंदवायची असेल तर लक्समीटरच आणावा.

३. खिडकी केवढी असावी, याचा काही नियम आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार खोलीच्या उघड्या जागांचे, म्हणजे दरवाजे वगळून खिडक्या व झरोक्यांचे, चौकटींसह एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश असावे लागे. त्या हिशेबाने ३० चौरस मीटरच्या खोलीला ५ चौरस मीटर खिडक्या लागतात. खिडकीपासून ७.५ मीटरपेक्षा अधिक अंतरावरचा भाग तिच्यामुळे उजळतो असे धरले जात नसे. निवासेतर वापराच्या खोल्यांना मात्र १२ मीटर आतपर्यंत सवलत होती. आज मुंबईसाठी २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याची आणि राज्याच्या बऱ्याचशा भागासाठी २०२० ची एकत्रित नियमावली आहे, त्यामुळे नव्या बांधकामाचे नेमके आकडे आपल्या वास्तुविशारदाकडून त्या-त्या नियमावलीतूनच घ्यावेत.

सरकत्या खिडकीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ती उजेड पूर्ण देते, पण एका वेळी निम्मीच उघडत असल्याने वारा निम्माच देते.

४. खिडकीचा उजेड खोलीत किती आतपर्यंत पोहोचतो?

जमिनीपासून खिडकीचा वरचा काठ जितका उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड पोहोचतो, असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, बहुधा ७ फुटांवर, म्हणजे सुमारे २.१ मीटरवर असते, म्हणून उजेड सव्वाचार ते सव्वापाच मीटरपर्यंत जातो. त्याच खिडकीवर व्हेंटिलेटर देऊन वरचा काठ २.७ मीटरवर नेला तर हे अंतर साडेपाच ते पावणेसात मीटर होते. यावरून हेही दिसते की खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करण्याने आतल्या मेजांचा अधिक फायदा होतो, आणि मेजाच्या पातळीखालची, पायांजवळची काच उजेडाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असून उष्णता मात्र आत आणते.

जुन्या सरकारी इमारतींतील उंच छते आणि वरचे व्हेंटिलेटर यांचे प्रयोजन हेच होते. अशा इमारतीत फॉल्स सीलिंग बसवताना ते व्हेंटिलेटरच्या खाली आणले जाते, आणि एका नूतनीकरणात खोलीचा निम्मा उजेड कायमचा बंद होतो. वातानुकूलनाचे नळ झाकण्यासाठी छत खाली आणावेच लागत असेल, तर निदान खिडकीकडची दीड-दोन मीटरची पट्टी मूळ उंचीवर मोकळी ठेवावी.

५. कोणत्या दिशेची खिडकी सर्वांत चांगली?

कामासाठी उत्तरेची, आणि तिच्यानंतर योग्य छज्जा असलेली दक्षिणेची. पूर्व आणि विशेषतः पश्चिम या अडचणीच्या दिशा आहेत.

उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर आकाशाचा, फारसा न बदलणारा उजेड येतो. मात्र ‘उत्तरेला ऊन कधीच येत नाही’ हे विधान आपल्या अक्षांशावर खरे नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तसेच मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर व संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीवर तिरपे ऊन पडते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना एखाद्या फुटाच्या उभ्या पट्ट्या दिल्या तर तेवढे ऊन बऱ्याच अंशी अडते.

दक्षिणेचे गणित सोपे असते, कारण तेथे सूर्य उंचावर असतो. पुण्यात २१ डिसेंबरला मध्यान्ही सूर्याची उंची सुमारे ४८ अंश असते, तर मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे ७१ अंश. दोन फुटांचा, म्हणजे ६० सेंटिमीटरचा छज्जा विषुवदिनी मध्यान्ही खाली जवळपास पावणेदोन मीटर सावली टाकतो, आणि त्यात नेहमीची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली सुमारे ६७ सेंटिमीटर उरते आणि खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येते. थंडीच्या दिवसांत ते कोणाला नको असेल तर पडदा आहेच.

पूर्व-पश्चिमेला छज्जा फारसा उपयोगी पडत नाही, कारण सूर्य क्षितिजाजवळ असताना ऊन छज्जाखालून सरळ आत शिरते.

६. आमच्या खिडक्या पश्चिमेला आहेत आणि दुपारी तीननंतर बसवत नाही. काचेला फिल्म लावावी, पडदे लावावेत, की दुसरे काही?

ऊन काचेच्या बाहेर अडवले तर उष्णता बाहेर राहते. आतल्या पडद्याने अडवले तर ती आत येऊन पडद्यात साठते आणि खोलीतच पसरते. म्हणून पहिली पसंती बाहेरच्या आडोशाला द्यावी: उभ्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या (लूव्हर), बांबूचे किंवा वाळ्याचे पडदे, जाळीदार भिंत, जागा असेल तर झाड. पानझडी झाड पश्चिमेला विशेष उपयोगी आहे असे थंड देशांत सांगतात, परंतु आपल्याकडे अनेक पानझडी झाडे ऐन फाल्गुन-चैत्रात, उन्हाचा कडाका सुरू होतानाच उघडी पडतात, म्हणून येथे सदाहरित झाड निवडावे.

बाहेर काही लावण्याची परवानगी नसेल तर फिल्मचा विचार करावा, पण दोन आकडे विचारल्याशिवाय ती घेऊ नये: तिच्यातून किती टक्के उजेड आत येतो आणि किती टक्के उष्णता आत येते. साधी पारदर्शक काच ८५ ते ९० टक्के उजेड आत सोडते. बाजारातील गडद फिल्म उष्णतेबरोबर उजेडही इतका कापतात की भर दुपारी दिवे लावावे लागतात. दिव्यांची उष्णता पुन्हा आत, आणि एसीचे बिल जिथल्या तिथे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, २०१७ मध्ये काचेतून किमान २७ टक्के उजेड आत यावा आणि बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा अधिक भाग काचेचा नसावा अशा मर्यादा आहेत, त्यांवरून प्रमाणाचा अंदाज येईल. रंगीत किंवा तारेच्या जाळीच्या काचेला आतून गडद फिल्म लावल्यास काच असमान तापून तडकू शकते, हेही विक्रेत्याला आधी विचारून घ्यावे.

७. संगणकाच्या पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडते. मेज कसे मांडावे?

खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे बसावे. खिडकी पाठीमागे असेल तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते; समोर असेल तर उजळ आकाश आणि त्या मानाने मंद पडदा यांच्यात डोळ्यांची ओढाताण होते. हाताने लिहिणाऱ्या उजवखोऱ्या व्यक्तीसाठी खिडकी डावीकडे असावी, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखोऱ्यासाठी याच्या उलट. आपल्या शाळांतून बाकांची मांडणी याच नियमाने होत आली आहे.

मेज फिरवता येत नसेल तर खिडकीला पट्ट्यांचा पडदा लावून त्याच्या पट्ट्या छताच्या दिशेने वळवाव्यात. उजेड छतावर जाऊन परत खाली येतो आणि थेट डोळ्यांत येत नाही.

८. खिडकीजवळची जागा कोणाला द्यावी? आमच्याकडे यावरून कुरबुर होते.

आपल्याकडे रूढ पद्धत अशी की खिडकीच्या कडेने साहेबांच्या बंद केबिन आणि मधल्या अंधाऱ्या भागात बाकीचे सर्वजण. उजेडाच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट मांडणी आहे, कारण दिवसाचा बराच वेळ बैठकांत असणाऱ्या माणसाची रिकामी खोली उजळते आणि दिवसभर जागेवर बसणाऱ्यांचा उजेड तिच्या भिंती अडवतात. केबिन आतल्या बाजूला न्याव्यात; तेवढा बदल पचणार नसेल तर निदान त्यांच्या भिंतींचा वरचा भाग काचेचा करावा. खिडकीलगत जाण्या-येण्याची वाट ठेवली तर कोणाच्याही अंगावर ऊन येत नाही आणि उजेड सर्वांना मिळतो. जागा आळीपाळीने देण्याचा उपाय कागदावर न्याय्य दिसतो, पण कागदपत्रे आणि सामान मेजाशी बांधलेले असते अशा कार्यालयांत तो सहसा टिकत नाही.

९. इमारत जुनी आहे आणि खर्चाची तयारी नाही. काही करता येईल का?

खिडक्या कमी असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कार्यालयांपैकी पुष्कळांत खिडक्या पुरेशा असतात, फक्त त्या झाकलेल्या असतात. फायलींची लोखंडी कपाटे खिडकीला पाठ लावून उभी असतात. व्हेंटिलेटरमध्ये कधीकाळी बसवलेला कूलर किंवा पुठ्ठा तसाच असतो. तावदानांना जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले असतात. आणि बाहेरून संस्थेच्याच नावाचा फलक अर्ध्या खिडकीवर आलेला असतो. पहिले काम म्हणून कपाटे आडव्या भिंतीला न्यावीत आणि काचा आतून-बाहेरून पुसाव्यात. डासांच्या जाळीत बसलेली धूळ काचेपेक्षा अधिक उजेड खाते, म्हणून जाळी काढून धुता येईल अशी बसवावी.

दुसरे काम रंगाचे. छत पांढरे आणि भिंती फिक्या असतील तर आत आलेला उजेड परावर्तित होऊन मागच्या रांगांपर्यंत पोहोचतो. भिंतीचा खालचा भाग गडद ऑइलपेंटने रंगवण्याची सवय डाग लपवण्यासाठी असते. निदान खिडकीसमोरच्या भिंतीवर ती मोडावी.

तिसरे काम बटणांचे, आणि ते इलेक्ट्रिशियनचे एखाद-दोन दिवसांचे आहे. बहुतेक ठिकाणी दिव्यांची एक रांग खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंत एकाच बटणावर असते, त्यामुळे आतल्या माणसाने दिवा लावला की खिडकीजवळचाही लागतो. खिडकीला समांतर रांगांना स्वतंत्र बटण दिले तर पहिली रांग दिवसभर बंद राहू शकते.

१०. पत्र्याच्या शेडमधील कारखान्यात उजेड कसा आणावा?

छतातून. गिरणगावातील कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छते यासाठीच होती: दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे मागावर दिवसभर समान उजेड आणि ऊन जवळजवळ नाही. त्या काळी गिरणीचा दिवस सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपे. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे दिवे आले आणि काही गिरण्यांत कामाचे तास चौदा-पंधरावर गेले, तेव्हा १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर मर्यादित करावा लागला. कृत्रिम उजेडाचा इतिहास सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते.

आजच्या शेडमध्ये मधूनमधून पारदर्शक किंवा दुधी पत्रे बसवतात. दुधी पत्रा घ्यावा, कारण पारदर्शक पत्र्यातून उन्हाचे कवडसे यंत्रावर पडतात आणि लखलखाटामुळे अपघाताचा धोका वाढतो. छताच्या सुमारे ५ टक्के क्षेत्रात असे पत्रे पुरतात. अधिक बसवल्यास उन्हाळ्यात शेड भट्टी होते. साधे फायबरचे पत्रे काही वर्षांत पिवळे पडतात, म्हणून अतिनील किरणांपासून संरक्षक थर असलेले पॉलिकार्बोनेट निवडावे आणि ते बदलण्याची तरतूद ठेवावी.

हे पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत. धूळ बसल्यावर ते आजूबाजूच्या पत्र्यांसारखेच दिसतात आणि छतावर चढलेला कामगार त्यांतून थेट खाली पडतो. सफाईसाठी वर जाणाऱ्याला फळ्या, सुरक्षा पट्टा आणि खाली जाळी दिल्याशिवाय चढू देऊ नये.

११. खिडकी मिळणे हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे का?

पुरेसा उजेड हा हक्क आहे. खिडकी हा नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १७ मध्ये ‘नैसर्गिक किंवा कृत्रिम किंवा दोन्ही’ प्रकारचा पुरेसा व योग्य उजेड ठेवणे बंधनकारक होते, म्हणजे निव्वळ दिव्यांवर चालणारा कारखाना त्या कलमाचा भंग करत नसे. मात्र जेथे उजेडासाठी खिडक्या व झरोके आहेत तेथे त्यांच्या काचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि शक्यतो अडथळ्यावाचून ठेवणे, तसेच डोळे दिपवणारा लखलखाट व अपघाताला कारण होणाऱ्या सावल्या टाळणे हे त्याच कलमात होते. कलम ११ नुसार चुन्याची सफेदी दर १४ महिन्यांनी द्यावी लागे, आणि प्रश्न ९ मधील रंगाच्या मुद्द्याशी ती तरतूद जुळते.

या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पुरेशा उजेडाची जबाबदारी तिच्यातही मालकावरच आहे. दुकाने व कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे, आणि स्वच्छता, उजेड व वायुवीजन यांची व्यवस्था करण्याचे बंधन त्यातही मालकावर घातले आहे. तक्रार करताना ‘खिडकी नाही’ असे लिहिण्यापेक्षा कोणत्या मेजावर किती वाजता किती लक्स आढळले, हे लिहावे.

१२. मी जर्मनीत नोकरी करतो. तेथील सहकारी म्हणतात की खिडकीवाचून कार्यालय चालतच नाही. खरे आहे का?

बऱ्याच अंशी. जर्मनीच्या कार्यस्थळविषयक नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनंतर, कायम बसण्याच्या जागेला शक्य तेथे पुरेसा दिवसाचा उजेड आणि बाहेर पाहता येण्याची सोय असावी, अशी तरतूद आहे. तिला अपवादही दिले आहेत. ब्रिटनच्या १९९२ च्या नियमांत उजेड व्यवहार्य असेल तेथवर नैसर्गिक असावा, असे म्हटले आहे. भारतातील स्थितीसाठी प्रश्न ११ पाहावा.

१३. शेजारी नवी इमारत उभी राहत आहे आणि आमच्या खिडक्या अंधारणार आहेत. ते थांबवता येईल का?

काही परिस्थितींत येईल. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, ज्याला व्यवहारात इझमेंट ॲक्ट म्हणतात, त्याच्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला २० वर्षे शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता उजेड व हवा मिळत आली असेल तर त्यांवर हक्क निर्माण होतो. शेजारची जमीन सरकारची असेल तर ही मुदत ३० वर्षांची आहे. मुदत दावा दाखल करण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागते, म्हणून भिंत उभी राहिल्यावर तीन-चार वर्षे वाट पाहणाऱ्याचा दावा दुबळा होतो.

उजेड थोडा कमी झाला एवढे पुरत नाही. कलम ३३ नुसार नुकसान भरीव असावे लागते: मालमत्तेचे मूल्य लक्षणीय घटणे, शारीरिक सोयीत मोठी बाधा येणे किंवा तेथे चालत आलेला व्यवसाय पूर्वीसारखा करता न येणे. इमारत १५ वर्षांपूर्वीची असेल तर या कायद्याचा आधार मिळणार नाही. अशा वेळी नव्या बांधकामाने सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा, सोडले आहे की नाही, हे महापालिकेकडील मंजूर नकाशावरून तपासावे. जागा भाड्याची असल्यास जागामालकाला आरंभापासून बरोबर घ्यावे.

१४. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि खोलीत अंधार होतो. उपाय काय?

ढगाळ आकाशातूनही हजारो लक्स उजेड येतो आणि तो सर्व बाजूंनी सारखा येत असल्याने ऊन-सावलीचा त्रास नसतो. म्हणजे पावसाळा हा उजेडाच्या दृष्टीने वाईट ऋतू नव्हे. अंधार होतो तो लाकडी किंवा पत्र्याच्या झडपा लावल्यामुळे आणि पावसाळी प्लॅस्टिक बांधल्यामुळे. कोकणात आणि मुंबईत पावसाची झड मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येते, तेव्हा तेवढ्याच बाजूंना आडोसा करावा आणि त्यासाठी निळ्या ताडपत्रीऐवजी पारदर्शक जाड प्लॅस्टिक वापरावे. प्रश्न ६ साठी लावलेले बाहेरचे पडदे जूनच्या आधी काढून ठेवावेत.

१५. खिडकीजवळ बसल्याने ड जीवनसत्त्व मिळते का?

नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण खिडकीची काच अडवते, आणि अतिनील-अ किरण मात्र साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यामुळे काचेआडून ऊन घेतल्याने त्वचा काळवंडू शकते, पण ड जीवनसत्त्व मिळत नाही.

१६. आमचे काम रंग पारखण्याचे आहे. खिडकीचा उजेड चालेल का?

दुकानातली साडी रस्त्यावरच्या उजेडात नेऊन पाहण्याचा ग्राहकांचा आग्रह शास्त्राला धरून आहे, कारण दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे निघू शकतात. हिऱ्यांची पारखही परंपरेने उत्तरेच्या खिडकीजवळ होत आली. तथापि खिडकीचा उजेड सकाळी, दुपारी आणि ढग आल्यावर बदलतो, आणि दोन गावांतील दोन माणसांना एकाच नमुन्यावर एकमत करायचे असेल तेव्हा तो विश्वासार्ह राहत नाही. छपाईत म्हणूनच ५००० केल्विनचा (केल्विन हे येथे उजेडाच्या रंगछटेचे माप) प्रमाणित दिवा असलेली पेटी वापरतात. पहिली नजर खिडकीत आणि अंतिम निर्णय पेटीत, असा क्रम ठेवावा.

१७. सर्व्हर रूम, बँकेची तिजोरी, शीतगृह अशा ठिकाणी खिडकी देताच येत नाही. तेथे काम करणाऱ्यांचे काय?

अशा खोलीत माणसाची कायमची बैठक ठेवू नये, हे पहिले उत्तर. देखरेख करणाऱ्याचे मेज शेजारच्या उजेडाच्या खोलीत ठेवून मधल्या भिंतीत काच द्यावी. बैठक आतच ठेवणे भाग असेल तर चहाची आणि जेवणाची सुटी बाहेरच्या उजेडात जाईल अशी व्यवस्था करावी, आणि ती सकाळच्या सत्रात असेल तर शरीराच्या घड्याळाच्या दृष्टीने अधिक चांगले. भिंतीवर खिडकीसारखे दिसणारे प्रकाशित चित्र लावल्याने खोली बरी दिसते. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

१८. आमचे कर्मचारी अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करतात. त्यांना हे सारे कसे लागू होते?

जवळजवळ उलटे. पाळीच्या पहिल्या भागात उजेड प्रखर ठेवावा आणि शेवटच्या दोन-तीन तासांत तो कमी करावा. पहाटे घरी जाताना मिळालेले ऊन शरीराला ‘आता दिवस सुरू झाला’ असे सांगते आणि झोप लागणे पुढे ढकलते, म्हणून बसमध्ये गडद चष्मा आणि झोपण्याच्या खोलीत जाड पडदे उपयोगी पडतात. स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवत जाणाऱ्याने मात्र गडद चष्म्याचा हा उपाय करू नये, कारण रात्रभर जागलेल्या चालकाला रस्त्यावर सावध ठेवण्यास तोच उजेड मदत करतो. आठवड्यातून दोनच रात्री पाळी असेल तर घड्याळ फिरवण्याच्या भानगडीत न पडता उरलेल्या दिवसांचा क्रम सांभाळणे बरे.

१९. एका सहकाऱ्याला अर्धशिशीमुळे उजेड सहन होत नाही, आणि शेजारच्याला खिडकी उघडी हवी आहे. कोणाचे ऐकावे?

पडदा कोणी ओढायचा यावर हा वाद सोडवू नये. जागा बदलून सोडवावा. प्रकाशाचा त्रास असलेल्या व्यक्तीला खिडकीपासून दूर, पण भिंतीकडे तोंड न येणारी जागा द्यावी, तिच्या डोक्यावरचा दिवा स्वतंत्र बटणावर घ्यावा आणि मेजावर हलवता येणारा छोटा दिवा द्यावा. मोतीबिंदू असलेल्यांनाही लखलखाट फार जाणवतो, तर काही अल्पदृष्टी व्यक्तींना इतरांपेक्षा पुष्कळ अधिक उजेड लागतो, म्हणून ‘डोळ्यांचा त्रास’ एवढ्या नोंदीवर निर्णय न घेता त्या व्यक्तीलाच चार जागी बसवून पाहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत अशी वाजवी सोय करून देणे हा उपकाराचा विषय राहत नाही, आणि जागाबदलाची नोंद लेखी ठेवलेली असली म्हणजे पुढच्या फेरमांडणीत ती जागा कोणी परस्पर हलवत नाही.